सासवडच्या मुक्कामातलं शिबिर: एमपीटीच्या विद्यार्थ्याने कोणते निर्णय स्वतः घ्यायचे?

फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर (एमपीटी) वर्गात नेतृत्वाच्या संधी म्हटल्या की ठरलेली कामं पुढे येतात. जर्नल क्लबचं वेळापत्रक, बीपीटीच्या (पदवीच्या) मुलांचे प्रात्यक्षिकाचे तास, ८ सप्टेंबरचा जागतिक फिजिओथेरपी दिन, एखाद्या परिषदेची आयोजन समिती, कॉलेजची विद्यार्थी परिषद. यांतलं काही फसलं तर फार तर सभागृह रिकामं राहतं. आषाढी वारीतल्या फिजिओथेरपी शिबिराचं तसं नाही. तिथे समोर खरा रुग्ण असतो, रांग हलायला तयार नसते, सोबतचे इंटर्न थकलेले असतात आणि कॉलेज तासाभराच्या अंतरावर असतं. म्हणून विद्यार्थी नेतृत्वावर बोलायला हे प्रकरण निवडलं आहे.

प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे. अशा शिबिरांत जे वारंवार घडतं ते एका कॉलेजच्या आणि एका मुक्कामाच्या चौकटीत बसवलं आहे; माणसांची संख्या, रुग्णांचे आणि खर्चाचे आकडे त्या चौकटीतले आहेत. वाट, तिथ्या आणि क्लिनिकल निकष मात्र जसे आहेत तसे घेतले आहेत.

जागा आणि तिथी

ज्ञानेश्वर माऊलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, पुण्यात दोन रात्री राहते आणि दिवे घाट चढून सासवडला येते. पुणे ते सासवड हा सगळ्या वाटेतला सर्वांत लांब टप्पा, तीस किलोमीटरच्या वर. तिथीची वाढ किंवा क्षय नसेल तर तो नेमका योगिनी एकादशीला पडतो. म्हणजे उपास, लांब चाल, आणि निम्म्याहून जास्त वाट सरल्यावर घाट. त्यानंतर सासवडला पुन्हा दोन रात्रींचा मुक्काम असतो. सोपानकाकांची समाधी इथलीच, त्यामुळे त्यांच्या पालखीची गर्दीही याच सुमाराला गावात असते.

बरीच कॉलेजं शिबिर पुण्यातच भरवतात, कारण ते सोयीचं पडतं. पण पुण्यात येणाऱ्याचे पाय अजून ताजे असतात, आणि शहरात पाय चेपून देणाऱ्यांना तोटा नसतो. सासवडला माणूस खरोखर थकून येतो. शिवाय दुसरा दिवस विश्रांतीचा असल्यामुळे काल पट्टी बांधलेला घोटा आज पुन्हा बघता येतो. फिरत्या शिबिराला हे सहसा मिळत नाही. ही निवड दुसऱ्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी केली, विभागप्रमुखांनी तिला मान्यता दिली, आणि या प्रकरणात विद्यार्थ्यांनी पूर्णपणे स्वतःच्या बुद्धीने घेतलेला हा पहिला निर्णय होता. तो बरोबर होता.

पथक पंचवीस जणांचं. एमपीटी दुसऱ्या वर्षाचे ४, पहिल्या वर्षाचे ५, इंटर्न १४, आणि २ प्राध्यापक (त्यांतल्या एक प्रभारी मॅडम). दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी शिबिरप्रमुख, पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी उपप्रमुख.

पद दिलं, अधिकार दिले नाहीत

एमपीटीचा विद्यार्थी विद्यार्थी असला तरी बीपीटी आणि इंटर्नशिप संपवून आलेला असतो. राज्य परिषदेकडे नोंदणी झालेली असेल तर तो कायद्याच्या नजरेत फिजिओथेरपिस्ट आहे. इंटर्न तसा नाही. त्याने केलेल्या उपचाराची जबाबदारी देखरेख करणाऱ्यावर येते. म्हणून शिबिरात ‘देखरेख पीजी (पदव्युत्तर विद्यार्थी) करतील’ असं एक वाक्य लिहिलं की चौदा इंटर्नच्या हातांची जबाबदारी नऊ जणांवर येऊन पडते. हे वाक्य परिपत्रकात होतं. कुठला पीजी कुठल्या इंटर्नवर देखरेख करणार, आणि देखरेख करताना तो काय थांबवू शकतो, हे त्यात नव्हतं. निघण्याआधी नऊही जणांच्या नोंदणीची मुदत तपासलेली नव्हती. पहिल्या वर्षातल्या एकाची नोंदणी दुसऱ्या राज्यातली निघाली, आणि ते कळलं बसमध्ये. त्याला टेबलावर न बसवता सामानाकडे आणि रांगेकडे ठेवावं लागलं.

आणखी एक गोष्ट बाहेरच्याला दिसत नाही. इंटर्न याच कॉलेजात चार वर्षं काढून आलेले असतात. शिपायापासून एचओडीपर्यंत सगळे त्यांच्या ओळखीचे. पहिल्या वर्षाचे पीजी बहुतेक दुसऱ्या कॉलेजातून, काही महिन्यांपूर्वी आलेले. कागदावर पीजी वरिष्ठ, पण आवारात इंटर्नचं वजन जास्त. त्यामुळे नवीन पीजी इंटर्नला ‘हे करू नकोस’ म्हणताना कचरतो, आणि इंटर्नला शंका आली की तो पीजीला ओलांडून थेट मॅडमना विचारतो. शिबिरप्रमुखाच्या हाताखाली नेमकी हीच रचना होती.

तयारी

तयारीतला बराचसा भाग चांगला होता. तीन आठवडे आधी दोघांनी जागा पाहिली: शाळेचं मैदान, एका बाजूला पत्र्याची शेड, नळ ऐंशी पावलांवर. नगरपरिषदेचं जागेचं पत्र, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र, ग्रामीण रुग्णालयाला कळवणं, आणि आरोग्य पथकाची एक सिस्टर ग्लुकोमीटर व बीपीच्या यंत्रासह शेजारी बसेल एवढी बोलणी झाली. टेन्स (विजेच्या सौम्य लहरींनी वेदना कमी करणारं) आणि अल्ट्रासाउंडची यंत्रं न्यायची नाहीत हे प्रमुखाने ठरवलं, आणि ते योग्यच. शेडमध्ये एकच बोर्ड, जमीन ओली, आणि यंत्र लावून वीस मिनिटं अडवून ठेवण्याइतका वेळ कुणापाशी नसतो.

सामानाचा हिशोब असा केला होता. लवचीक टेपचा रोल ५ मीटरचा. गुडघ्याला २५ सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या लागतात, म्हणजे एका रोलमध्ये दहा गुडघे. १२ रोल. क्रेप बँडेज १० सेंटिमीटर रुंदीची, ४०. तेल ५ लिटर. दोन्ही पायांना मिळून २० मिली धरलं तर अडीचशे माणसं. हातांसाठी सॅनिटायझर ५०० मिलीच्या ३ बाटल्या: एका वेळी ३ मिली, प्रत्येक रुग्णाआधी आणि नंतर, म्हणजे एका बाटलीत ऐंशीएक रुग्ण.

इथे एक चूक लपलेली आहे. तेलकट हातावर सॅनिटायझर नीट काम करत नाही. त्याला साबण आणि पाणीच लागतं. नळ ऐंशी पावलांवर असताना प्रत्येक रुग्णानंतर कुणीही हात धुवायला जात नाही. तोटी असलेले २० लिटरचे दोन जार, खाली बादली आणि साबण एवढंच पुरलं असतं. कॉलेजचा बारा फुटी बॅनर मात्र आदल्या दिवशीच पोहोचला होता.

पहिली संध्याकाळ

वारकरी दुपारी चारपासून यायला लागले. पालखी यायला रात्र होते, पण दिंड्यांचे मोकळे चालणारे लोक आणि ट्रकमधले म्हातारे आधी पोहोचतात. साडेपाचला रांग साठ जणांची, सातला दीडशेच्या पुढे. बहुतेकांचं मागणं एकच: “माऊली, पाय चेपा जरा.”

इंटर्ननी चेपायला सुरुवात केली. तपासणीच्या टेबलावर दोघे होते; रांग वाढली तसे तेही चेपायला बसले. सव्वासातला प्रमुख स्वतः एका पखवाजवाल्याच्या खांद्याला हात लावून बसली. दिवसभर गळ्यात पखवाजाचा पट्टा वागवल्यामुळे मान आणि खांद्याचा वरचा स्नायू दगडासारखा झाला होता, केस चांगली होती, आणि तिला ती उत्तम जमत होती. त्या क्षणापासून शिबिराला प्रमुख उरला नाही.

पुढच्या तासाभरात तीन गोष्टी बिघडल्या.

पहिली, टेप. गुडघेदुखीवाल्यांना आधी तेल लावलं गेलं आणि मग टेप. तेलावर टेप बसत नाही. कडेने सुटते, घाम आणि पावसाने तासाभरात लोंबायला लागते. एकोणीस गुडघ्यांच्या पट्ट्या अशा वाया गेल्या. त्वचा कोरड्या फडक्याने पुसून, गरज पडली तर स्पिरिटने तेल काढून, टेपच्या टोकांना ताण न देता आणि लावल्यावर हाताने चोळून ती बसवायची, हे प्रत्येक इंटर्नला येत होतं. क्रम कोणी ठरवायचा हे ठरलेलं नव्हतं.

दुसरी, साखर. घाट चढून आलेली साधारण पासष्टीची एक बाई बाकावर घामाघूम होऊन बसली, हात थरथरत होते. सोबतच्या सुनेने सांगितलं की सकाळी मधुमेहाची गोळी घेतली आणि दिवसभर पाणी आणि चहावरच चालली. गोळी ग्लिमेपिराइडची होती. ही गोळी पोटात काही नसलं तरी साखर उतरवत राहते. सिस्टरने तपासली तर ५८.

“बाई, एकादशी आहे, मला काही देऊ नका.”

“आजी, साखर उपासाला चालते. पाण्यात चार चमचे टाकते, तेवढं घ्या, मग केळं.”

हे सांगणारी पहिल्या वर्षाची पीजी होती, आणि तिने ते सुरेख हाताळलं. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हा नियम पुस्तकातला. पण ‘उपासाला चालते’ हे वाक्य सुचलं नसतं तर तो लागू झालाच नसता. गोळी अशी असेल तर साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून आजींना तासभर बसवून घेतलं आणि डॉक्टरांना दाखवलं. या मुलीने कुणाला विचारलं नाही, नंतर सांगितलं. नेतृत्व म्हणून या संध्याकाळी जे काही दिसलं त्यात हे सर्वांत चांगलं होतं, आणि तिच्याकडे कुठलंच पद नव्हतं.

तिसरी गोष्ट गंभीर. साठीच्या एका गृहस्थांची उजवी पोटरी दुखत होती. इंटर्नने तेल घेतलं. शेजारी उभ्या असलेल्या पहिल्या वर्षाच्या पीजीला दिसलं की नडगीवरची कातडी एकाच पायाची ताणलेली, चकचकीत आहे. इंटर्नला थांबवायचं तिला सुचलं, धीर झाला नाही. ती प्रमुखाला शोधायला गेली. प्रमुख पखवाजवाल्यापाशी, पाठमोरी, तेलाच्या हातांनी. सहा मिनिटं गेली. तोवर पोटरीचं मर्दन सुरू होऊन निम्मं झालं होतं.

थांबवून मोजलं: गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली, दोन्ही पायांचा घेर. फरक ४ सेंटिमीटर. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक हा खोल शिरेतल्या गुठळीच्या शंकेचा एक निकष आहे; सोबत एका बाजूची सूज आणि दाबल्यावर दुखणं असेल तर हात लावायचा नाही, चालवायचंही नाही, रुग्णालयात पाठवायचं. १०८ ला फोन केला, गृहस्थ गेले. पुढे सोनोग्राफीत गुठळी निघाली की नाही यावर चर्चेचा वेळ घालवू नये. निघाली नसती तरी ते मर्दन सुरू व्हायलाच नको होतं.

रात्रीची बैठक

पावणेदहाला रांग बंद केली. बैठक पंचवीस मिनिटं चालली आणि ती चांगली चालली याचं श्रेय प्रभारी मॅडमना जातं. त्या शेवटी बोलल्या. पहिल्यांदा बोलल्या असत्या तर बाकी तेवीस जण माना हलवून झोपायला गेले असते.

प्रमुखाने एका कागदावर तीन रकाने आखले: ‘मी ठरवणार’, ‘करून सांगणार’, ‘विचारून करणार’. पहिल्या रकान्यात गेलं ते असं: कोण कुठल्या टेबलावर, टेबल बंद करणं, रांग थांबवणं, सुट्ट्या, उपचारांचा क्रम. दुसऱ्यात: डॉक्टरांकडे पाठवणं आणि १०८ ला फोन. यासाठी परवानगी मागत बसायची नाही, आधी फोन, मग मॅडमना कळवायचं. तिसऱ्यात: ठरलेल्या यादीबाहेरचा कुठलाही उपचार, फोटो बाहेर देणं, पत्रकाराशी बोलणं, दोन हजारांच्या वरचा खर्च. मॅडमनी एकच दुरुस्ती केली. दुसरा रकाना फक्त प्रमुखाचा नको, तो पथकातल्या प्रत्येकाचा हवा.

त्यातूनच ‘थांबवा’चा नियम निघाला. पंचवीसपैकी कुणीही, कुणालाही, ‘थांबवा’ म्हणू शकतो. ऐकणाऱ्याने हात उचलायचे, कारण नंतर विचारायचं. नवीन पीजीला इंटर्नशी हुज्जत घालायला लागू नये म्हणून हा शब्द. रुग्णासमोर तो मोठ्याने म्हणायचाही नाही; इंटर्नच्या कोपराला हात लावून हळू म्हटलं की झालं.

मॅडमनी स्वतःवरही एक बंधन घातलं. कोणी ‘मॅडम, हे करू का?’ विचारायला आलं तर उत्तर ‘प्रमुखांना विचार’. जिथे रुग्णाला धोका आहे तेवढं सोडून. हे बोलायला सोपं, पाळायला अवघड आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच तासात त्यांच्याकडे सात जण आले, त्यानंतर दुपारपर्यंत एकही आला नाही.

आणि प्रमुखाने रुग्णाला हात लावायचा नाही. एकालाही नाही. हा नियम तिला सर्वांत जड गेला, आणि तसाच तो बहुतेक चांगल्या पीजींना जातो. हाताला यश असलेल्या माणसाला उभं राहून बघणं म्हणजे कामचुकारपणा वाटतो. पण तेवीस जणांत एकच माणूस असा हवा ज्याला एका वेळी सगळी टेबलं दिसतात. तोच टेबलावर वाकला की बाकी बावीस जणांचं काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही.

द्वादशीची सकाळ

रात्री केलेलं गणित असं होतं. एका टेबलावर बारा मिनिटं उपचार, तीन मिनिटं हात धुणं आणि पुढचा माणूस, तासाला चार. आठ टेबलं, सहा तास, म्हणजे १९२. प्रत्येकाला वीस मिनिटांच्या दोन सुट्ट्या द्यायच्या तर एका वेळी सात टेबलंच चालतात: १६८. आदल्या दिवसाची गर्दी पाहता चारशेच्या वर माणसं येणार. उरलेल्यांना परत पाठवायचं किंवा टेबलाशिवाय काहीतरी द्यायचं, हा निर्णय सकाळी सातच्या आत घ्यावा लागतो. अकराला रांगेसमोर उभं राहून तो घेता येत नाही.

म्हणून शिबिराचे तीन भाग केले. प्रवेशावर पहिल्या वर्षाचे दोन पीजी आणि तीन इंटर्न. प्रश्न मोजके: एकच पाय सुजलाय का, छातीत दुखतं किंवा दम लागतो का, मधुमेहाची गोळी घेतली आणि खाल्लं का, पायाला जखम आहे का. पाच मिनिटं बसवून मग बीपी. चालत आल्या आल्या घेतलेलं बीपी फसवतं. १८०/११० च्या वर गेलं की टेबल नाही, डॉक्टर. मधुमेह असेल तर १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (स्पर्शज्ञान तपासायच्या नायलॉनच्या तंतूने) तळवा तपासायचा: अंगठा, पहिल्या आणि पाचव्या बोटामागचा उंचवटा. यांतल्या एखाद्या ठिकाणी जरी स्पर्श कळला नाही तरी गरम पाणी आणि जोरकस दाब बंद. अनवाणी चालणाऱ्याला इथे खास विचारायचं. सुन्न तळव्यातला काटा त्याला ठाऊक नसतो. फोड आलेले असतील तर फोडायचे नाहीत, ड्रेसिंगकडे पाठवायचं. रबरी चपलेचा ओला पट्टा अंगठ्यापाशी घासून आलेले फोड सर्वांत जास्त असतात.

मुरगळलेल्या घोट्याबाबत वारीत एक सावधगिरी लागते. एक्स-रे लागेल का हे ठरवणाऱ्या ओटावाच्या नियमात चार पावलं टाकता येतात का हे बघतात, आणि वारकरी दहा किलोमीटर चालून आलेला असतो. पण त्याच नियमात घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर, पाचव्या मेटाटार्सलच्या (पायाच्या करंगळीमागच्या लांब हाडाच्या) बुडाशी किंवा आतल्या बाजूच्या नेव्हिक्युलर हाडावर दाबून बघायचं असतं. तिथे दुखलं तर एक्स-रे, मग तो माणूस कितीही चालला असो. सकाळभरात असे दोघे निघाले.

दुसरा भाग आठ टेबलांचा; प्रत्येक चार टेबलांमागे दुसऱ्या वर्षाचा एक पीजी, तिसरा अवघड रुग्णांसाठी मोकळा. तिसरा भाग गटाचा: बारा जण एका वेळी, दहा मिनिटं, शिकवायला पहिल्या वर्षाचा एकजण. ट्रकच्या फाळक्याला हात टेकवून पोटरीचा ताण, तीस सेकंद, तीनदा. बसून गुडघ्याखाली गुंडाळलेलं उपरणं दाबणं, पाच सेकंद, दहा वेळा. पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवणं. तंबूत न जमणारा एकही व्यायाम घेतला नाही, आणि छापील पत्रकही दिलं नाही. पावसात त्याचा लगदा होतो.

पायचेपणीचा कोपरा सगळ्यांत शेवटी, तपासणी आणि टेप होऊन गेल्यावर. दोन इंटर्न आणि गावातले एनएसएसचे चार स्वयंसेवक, प्रत्येकी पाच मिनिटं, त्याही फक्त तळव्याला. घोट्याच्या वर हात न्यायचा नाही. फिजिओथेरपीच्या वर्गात ‘आपण मालिशवाले नाही’ हा एक अभिमान असतो, त्यामुळे काही पीजींनी हा कोपराच नको म्हटलं होतं. तो ठेवला हे बरं झालं. माणूस ज्यासाठी रांगेत उभा आहे ते त्याला पाच मिनिटं मिळालं तर आधीची तपासणी तो कुरकुर न करता करून घेतो.

दीडपर्यंत टेबलांवर १४९, गटात २३०, पुढे पाठवलेले ११. आदल्या दिवशीच्या पट्टीवाल्यांपैकी चौदा जण फेरतपासणीला आले.

थीसिसचा फॉर्म

साडेदहाच्या सुमारास वेगळंच काही उभं राहिलं. दुसऱ्या वर्षाच्या एकीचा प्रबंध गुडघेदुखीवर होता. तिने दोन पानी प्रश्नावली छापून आणली होती आणि प्रवेशावर ती भरून घ्यायची होती. “चारशे माणसं पुन्हा कुठे मिळणार? नुसती प्रश्नावली आहे, सुई थोडीच टोचतोय.” प्रमुख तिची खोलीतली मैत्रीण.

तिचा सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) ओपीडीच्या रुग्णांसाठी मंजूर होता. जागा आणि रुग्णगट बदलला की नैतिकता समितीकडे पुन्हा जावं लागतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रश्नावलीलाही मोकळीक समितीच देते, संशोधक स्वतःची स्वतः घेऊ शकत नाही. पण नियमापेक्षा ठोस अडचण रांगेतली आहे. उपचाराच्या दारात फॉर्म ठेवला की समोरचा माणूस तो उपचाराची अट समजतो. ‘नको’ म्हणायची मोकळीक राहत नाही, आणि अशी संमती कामाची नसते.

प्रमुखाने नाही म्हटलं. तिने वापरलेली वाट शिकण्यासारखी आहे: “हे माझ्या रकान्यातच नाही. गाईडना फोन कर, त्यांनी समितीचं पत्र पाठवलं तर दुपारी बघू.” मैत्रिणीला नकार देण्याचं ओझं तिच्या एकटीवर आलं नाही. रकान्यांचा कागद नसता तर हेच भांडण वसतिगृहात वर्षभर चाललं असतं. गाईडनी अर्थातच नकार दिला.

शिबिराच्या नोंदवहीत सात रकाने होते: क्रमांक, वय, लिंग, तक्रार, तपासणीत काय आढळलं, काय केलं, कुठे पाठवलं. नाव आणि मोबाइल फक्त पुढे पाठवलेल्यांचा. या नोंदींवर उद्या लेख लिहायचा झाला तरी आधी समिती.

पैसे, गुण आणि फाइल

खर्च ११,४०० रुपये. कॉलेजने आगाऊ दिलेले ८,०००. वरचे ३,४०० प्रमुखाने आणि उपप्रमुखाने खिशातून घातले, आणि केळी, बर्फ, रिक्षाची पावती कुणाकडे नव्हती. हे पैसे परत मिळायला महिने जातात, काही वेळा मिळतच नाहीत. ज्याच्या घरून पैसे येऊ शकतात त्यालाच प्रमुख होता येईल अशी ही मूक अट असते. आगाऊ रक्कम पूर्ण अंदाजाइतकी द्यावी, वरती दोन हजारांपर्यंत बिनपावतीचा साध्या सहीचा खर्च मान्य करावा, एवढं केलं तर प्रश्न मिटतो.

मूल्यमापनात विभागाने सवयीप्रमाणे रुग्णसंख्या विचारली. त्या आकड्यातून प्रमुखाबद्दल काहीच कळत नाही. गर्दी पालखी आणते. बघायचं ते हे: धोक्याचं लक्षण दिसल्यापासून हात थांबेपर्यंत किती वेळ गेला (पहिल्या दिवशी सहा मिनिटं, दुसऱ्या दिवशी लगेच), प्रत्येक इंटर्नला सुट्टी मिळाली का, प्रमुख स्वतः किती वेळा टेबलावर बसली, आणि दहा दिवसांत फाइल पुढच्या हातात गेली का. चौथ्या गोष्टीला आम्ही निम्मे गुण देऊ. एमपीटी दोन वर्षांचं, म्हणजे दर वर्षी जाणती माणसं निघून जातात आणि नवीन पथक पुन्हा तेलावर टेप लावतं. उपप्रमुख पहिल्या वर्षाचाच असावा आणि पुढच्या वर्षी आपोआप प्रमुख व्हावा, ही तजवीज त्यासाठीच. फाइलमध्ये अधिकाऱ्यांची नावं न लिहिता पदं लिहावीत. बदल्या होतात, पदं तिथेच राहतात.

न सुटलेली मागणी

निघताना एका दिंडीच्या प्रमुखांनी उपप्रमुखाला गाठलं. “उद्या जेजुरी, परवा वाल्हे, मग नीरा उतरून लोणंद. दोन पोरं द्या आमच्याबरोबर. तंबूत झोपतील, पंगतीत जेवतील.” पहिल्या वर्षाचे दोघे तिथल्या तिथे तयार झाले.

नेतृत्वाची संधी म्हणून ही शिबिरापेक्षा मोठी आहे. तेच तेच रुग्ण रोज दिसतील, सांगितलेला व्यायाम केला की नाही ते दुसऱ्या दिवशी कळेल, आणि दिंडीतला विणेकरी किती तास उभा असतो हे मोजता येईल. पण सोबत प्राध्यापक नाही, म्हणून इंटर्न पाठवता येत नाही. दोघांचीही परिषदेची नोंदणी हवी. ओपीडीच्या पोस्टिंगमधून चार दिवसांची लेखी सूट हवी. मुली गेल्या तर महिलांच्या तंबूतली जागा आधी ठरायला हवी. आणि प्रत्येक मुक्कामी आरोग्य पथक कुठे बसतं याची यादी खिशात हवी. यांतलं त्या दुपारी एकही हातात नव्हतं. प्रमुखाने नकार दिला, दिंडीप्रमुखांचा नंबर घेतला आणि मागणी तिसऱ्या रकान्यात लिहिली. ती आता उपप्रमुखाच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर आहे. विभागाने उत्तर द्यायची मुदत मार्चअखेर, कारण पोस्टिंगचं वेळापत्रक त्यानंतर बदलत नाही.